कौल कोणाचा?

वरळीच्या केंद्रातून मुंबईत दूरदर्शन सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. अमेरिकेत त्यापूर्वी बारा वर्षे याच माध्यमाने अध्यक्षपदाची निवडणूक गाजवली होती. २६ सप्टेंबर १९६० रोजी केनेडी व निक्सन यांचा वादविवाद कोट्यवधींनी घरबसल्या पाहिला. त्यानंतरच्या एका जनमत चाचणीत रेडिओच्या श्रोत्यांनी निक्सन यांना सरस ठरविले. केनेडींच्या रूपाने निक्सन यांच्या युक्तिवादावर मात केली, अशी समजूत त्यातून रूढ झाली. परंतु त्या चाचणीतील श्रोते मूठभर होते. शिवाय रेडिओवर विसंबणाऱ्या ग्रामीण प्रॉटेस्टंटांना कॅथलिक केनेडींविषयी आधीपासूनच संशय असावा, असे काही अभ्यासक म्हणतात. म्हणजे मोजला गेला तो कदाचित जुना पूर्वग्रहच! आपल्या धर्मग्रामातही ‘सारे असेच म्हणतात’ हे वाक्य वारंवार कानी पडते. ते ‘सारे’ म्हणजे नेमके कोण, एवढे तरी आपण विचारावे.