दगडावरची बखर

 भोकरदनच्या मुलखात, केळना आणि जुई नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली. ईस्ट इंडिया कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांना हरवलं, ते मुख्यतः मद्रास इलाख्यातल्या देशी पलटणींच्या बळावर. दक्षिणेचे शिपाई इथे मराठी सत्ता मोडत होते, त्याच वर्षी तंजावरात एक मराठी राजा आपलं कूळ भिंतीवर कोरून घेत होता.

दुसऱ्या सरफोजीराजांचा तो ‘भोसले वंशचरित्र’ नावाचा शिलालेख. बृहदीश्वराच्या आवारात, नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर. तारीख डिसेंबर १८०३ची, मजकूर चिटणीस बाबूरावांचा, भाषा मराठी.

या लेखाला दोन कुळं आहेत. बापाचं कूळ बखरीचं: घराण्याची हकिकत चिटणिसाने सांगायची, ही मराठी रीत. पण बखर कागदावर राहते. दगड आला आजोळाहून. राजराज चोळाने हे मंदिर १०१०च्या सुमारास पुरं केलं आणि दानधर्माच्या नोंदी त्याच्याच भिंतींवर तमिळमध्ये कोरवल्या. त्या मुलखात राजाचा शब्द मंदिराच्या दगडावर शोभतो, हे तंजावरची मराठी गादी स्थापणाऱ्या शहाजीपुत्र व्यंकोजीच्या वंशजांना सव्वाशे वर्षांच्या वास्तव्यात उमगलं होतं.

मग १८०३लाच का? चार वर्षांपूर्वी, १७९९च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. राजाकडे उरला किल्ला, थोडा परिसर, वर्षाला एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. मुलूख नाही, फौज नाही. म्हणून वंश सांगायचा. पूर्वजांच्या पराक्रमाला आता पुढचं पान जोडता येणार नव्हतं. आहे तेवढं पुसू न देणं एवढंच हाती होतं.

सरफोजींचे पुत्र शिवाजी १८५५मध्ये वारले. औरस मुलगा नाही म्हणून कंपनीने गादी खालसा केली, खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई मद्रासच्या कोर्टात जिंकल्या. १८५९मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. हे सार्वभौम सत्तेचं कृत्य, त्यावर कोर्टाने बोलायचं नाही, असा त्याचा अर्थ.

कोर्टाने बोलायचं नाही म्हटलं, तरी भिंत बोलतेच आहे. आणि त्या मंदिराचं वंशपरंपरागत विश्वस्तपद आजही तंजावरच्या भोसल्यांकडेच आहे.