भिक्खूंची नावे : अर्थ आणि कसोटी

प्रव्रज्येच्या वा उपसंपदेच्या वेळी पालीतील नवे नाव देण्याची प्रथा थेरवादी देशांत रूढ आहे. ही नावे केवळ श्रुतिमधुर नसतात. ‘सीलानंद’ म्हणजे शीलात ज्याचा आनंद आहे तो. ‘धम्मरक्खित’ म्हणजे धम्माचा रक्षणकर्ता नव्हे, तर धम्माने रक्षिलेला. तिसऱ्या संगीतीनंतर महारट्ठात धम्मप्रचारार्थ आलेल्या थेरांचे नाव महाधम्मरक्खित होते, असे ‘महावंस’ सांगतो.

तथापि बुद्धकाळी नाव बदलण्याचा नियम होता, असे त्रिपिटकावरून दिसत नाही. शाक्यांचा न्हावी उपालि संघातही उपालिच राहिला आणि पहिल्या संगीतीत विनयाचे संगायन त्यानेच केले. निर्माल्य झाडून पोट भरणारा सुनीत हा सुनीत थेरच झाला. महाकस्सप, महाकच्चान, मोग्गल्लान ही तर उघड गोत्रनामेच होत.

मग महानद्या सागरास मिळताच पूर्वीचे नाम-गोत्र सोडतात, तसे चारही वर्णांचे लोक संघात येऊन केवळ शाक्यपुत्रीय श्रमण होतात, या चुल्लवग्गातील उपमेचा अर्थ काय?

आमच्या मते त्याचे उत्तर विनयातील दुसऱ्या पाचित्तिय नियमात आहे. भिक्खूने दुसऱ्या भिक्खूस जात, नाव, गोत्र, व्यवसाय इत्यादींवरून हिणवणे हा तेथे अपराध ठरविला आहे. सुत्तविभंगात हीन मानल्या गेलेल्या नावांची व गोत्रांची यादीच आढळते. नावांतही उच्चनीचता होती, हे यावरून स्पष्ट होते. बुद्धांनी नाव पुसले नाही. नावामागची प्रतिष्ठा आणि अप्रतिष्ठा पुसली. संघात ज्येष्ठता उपसंपदेच्या काळावरून मोजली जाते, गोत्रावरून नव्हे.

याउलट उदाहरण श्रीलंकेचे आहे. तेथे भिक्खू घराण्याचे नाव टाकून पाली नावापूर्वी आपल्या गावाचे नाव लावतो. वालपोल राहुल हे नाव या पद्धतीचेच. घराण्याचे नाव गेले की जात झाकली जाते. परंतु 1753 साली सयामहून उपसंपदा आणून स्थापन झालेल्या सयाम निकायात पुढे गोविगम जातीखेरीज इतरांस उपसंपदा नाकारली गेली. तेव्हा वंचित जातींतील श्रामणेर ब्रह्मदेशात गेले आणि 1800 साली अमरपुर येथे उपसंपदा घेऊन आले. त्यांतून अमरपुर निकाय उभा राहिला. नाव बदलले होते, दार मात्र बंदच होते.

आडनावावरून जात ताडणाऱ्या आपल्या समाजाने हा इतिहास ध्यानी ठेवावा. नवे नाव ही प्रतिज्ञा आहे. ते धारण करणाऱ्याने शीलाने आणि त्यास हाक मारणाऱ्या संघाने समतेने ती पाळली, तरच त्या नावास अर्थ येतो.