एका वीरपथकाचा उदयास्त

भिन्न सामर्थ्याचे अनेक वीर एका कार्यासाठीं एकत्र येतात, ही कल्पना फार जुनी आहे. अमेरिकेंतील चित्रकथांनीं विसाव्या शतकांत तिला नवें रूप दिलें. स्टॅन ली व जॅक कर्बी यांनीं १९६३ सालीं ‘अ‍ॅव्हेंजर्स’ हें पथक मार्व्हल प्रकाशनाच्या पानांवर आणलें. लोहकवच चढविणारा आयर्न मॅन, हातोडा फेकणारा थॉर, क्रोधानें राक्षसरूप घेणारा हल्क, असे बारा गांवचे बारा त्यांत एकत्र झाले. अशा पथकाची गोडी त्याच्या विषमतेंत असते. एकाचें न्यून दुसरा भरून काढतो, आणि एकट्यास न झेपणारें संकट सर्वांस मिळून पेलावें लागतें. म्हणून अशा कथेवर व्हिडिओ गेम रचणारास दोन प्रश्न टाळतां येत नाहींत. प्रत्येक वीर खेळणाराच्या हातीं निराळा भासतो काय? आणि इतक्या वीरांनीं जमावें असें कार्य त्या खेळांत आहे काय?

या प्रश्नांचीं उत्तरें पूर्वीं साधीं होतीं. जपानी कोनामी कंपनीनें १९९२ सालीं ‘एक्स-मेन’ हा नाणीं टाकून खेळावयाचा खेळ काढला. त्याच्या मोठ्या यंत्रास दोन पडदे होते, आणि सहा जण शेजारीं उभे राहून सहा वीर एकाच वेळीं खेळवीत. २००६ सालीं रेव्हन सॉफ्टवेअरनें ‘मार्व्हल : अल्टिमेट अलायन्स’ रचला, त्यांत वीसांहून अधिक वीरांतून चौघांचें पथक निवडावयाचें असे. या खेळांत खोली बेताचीच होती, आणि नाण्यांच्या यंत्राचा पैशावर डोळा होताच. परंतु त्यांचें कार्य ठरलेलें होतें: तें सुरू होई, कठीण होत जाई आणि संपे.

२०१७ च्या जानेवारींत स्क्वेअर एनिक्स या जपानी प्रकाशक कंपनीनें अ‍ॅव्हेंजर्सवरील मोठ्या खेळाची घोषणा केली. रचनेचें काम ‘टूम रेडर’मुळें ख्याती पावलेल्या क्रिस्टल डायनॅमिक्सकडे होतें. ‘मार्व्हल्स अ‍ॅव्हेंजर्स’ ४ सप्टेंबर २०२० रोजीं बाजारांत आला.

त्याचे गुण खरे होते, आणि ते मान्य केलेच पाहिजेत. सान फ्रान्सिस्को येथील उत्सवांत घोर अपघात होतो, कॅप्टन अमेरिका मृत समजला जातो, आणि लोकनिंदेनें पथक मोडतें. पांच वर्षांनीं त्या विखुरलेल्या वीरांस शोधावयास निघते ती कमला खान, जर्सी सिटींत वाढलेली, पाकिस्तानी वंशाची एक किशोरी. ज्यांची तिनें मनोभावें भक्ति केली, ते खचलेले आणि एकमेकांवर रुसलेले तिला भेटतात. त्यांची समजूत घालणें हेंच तिचें पहिलें शौर्य. एवढ्या नामांकित वीरांत कथेचा भार एका नवख्या मुलीवर टाकण्यांत रचनाकारांची रसिकता दिसते. हातांतील भेदही त्यांनीं सांभाळला. हल्क शत्रूलाच उचलून गदेसारखा वापरतो. थॉरचा हातोडा फेकला असतां परत हातीं येतो. आयर्न मॅन आकाशांतून मारा करतो. ब्लॅक विडोची सारी भिस्त चपळाईवर. पहिल्या प्रश्नास या खेळानें उत्तम उत्तर दिलें.

दुसऱ्या प्रश्नास मात्र उत्तर नव्हतें. हा खेळ वर्षानुवर्षें चालावा आणि त्यांतून विक्री होत राहावी, अशी योजना होती. त्यामुळें कथा संपली तरी खेळ संपत नसे. पुन्हा त्याच प्रयोगशाळा, तेच बोगदे, तींच यंत्रमानवांचीं टोळकीं. पहिले पाढे पंचावन्न! शत्रु म्हणून तेच दोनचार खलनायक फिरून येत. साधनसामग्रीचे ढीग मिळत, परंतु बहुतेकांचा लाभ आंकडा थोडा वाढण्यापुरता. देव थॉर आणि मर्त्य ब्लॅक विडो यांना एकाच यंत्रमानवास सारखेच ठोसे घालीत बसावें लागलें, तेव्हां परिश्रमानें निर्मिलेला भेदही निष्फळ ठरला. प्रारंभींच्या तांत्रिक दोषांनीं आणि सोबती मिळेपर्यंतच्या प्रतीक्षेनें पुष्कळांचा धीर सुटला.

त्यांतच दुकान आलें. विक्रीस केवळ शोभेचे पोशाख राहतील, असें प्रथम सांगितलें होतें. परंतु २०२१ च्या ऑक्टोबरांत प्रगति वेगानें करून देणाऱ्या वस्तूही पैशानें मिळूं लागल्या. साठ डॉलर मोजून खेळ घेतलेल्या लोकांनीं गहजब केला, आणि पुढील महिन्यांत क्षमा मागून त्या काढाव्या लागल्या. वस्तु गेल्या, पण गेलेला विश्वास परतला नाहीं. खेळ लांबट आहे म्हणूनच कंटाळा टाळण्याचें औषध विकतां येतें, ही गोष्ट सर्वांच्या ध्यानांत आली होती.

मध्यंतरीं ऑगस्ट २०२१ मध्यें ब्लॅक पँथरचें वाकांडा-प्रकरण आलें व आवडलें. पण ओहोटी थांबली नाहीं. २०२२ सालीं स्क्वेअर एनिक्सनें क्रिस्टल डायनॅमिक्स स्वीडनच्या एम्ब्रेसर समूहास विकली. ३१ मार्च २०२३ रोजीं शेवटची सुधारणा झाली व दुकानांतील पोशाख सर्वांस फुकट खुले झाले. ३० सप्टेंबर २०२३ रोजीं खेळाची डिजिटल विक्रीही बंद पडली. ज्यांनीं तो घेतला होता ते खेळूं शकतात. नव्या मुलास कमलेची गोष्ट त्या दुकानांतून आतां घेतां येत नाहीं.

याच प्रकाशकानें २०२१ च्या ऑक्टोबरांत ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ काढला, तो आयडॉस-मॉन्ट्रियलनें रचलेला. त्यांत खेळणाराच्या हातीं एकटा स्टार-लॉर्ड; बाकीच्या चौघांस तो आज्ञा करतो, आणि ते वाद घालीत त्या पाळतात. दुकान नाहीं, अखंड पुनरावृत्ति नाहीं. कथा आहे आणि तिला शेवट आहे. त्या वर्षींच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्यें उत्कृष्ट कथनाचा मान त्यासच मिळाला.

या दोहोंच्या तुलनेंतून दोष कोठें होता हें स्पष्ट होतें. अ‍ॅव्हेंजर्सच्या कारागिरांत कसब कमी नव्हतें. त्यांच्या वीरांना संपणारें कार्य मिळालें नाहीं. चार मनुष्यें एकाच मैदानांत लढलीं म्हणजे पथक होत नाहीं. एकमेकांवांचून ज्याचें काम अडतें आणि काम पुरें होतांच ज्यास घरीं जातां येतें, त्यालाच पथक म्हणावें. कमलेनें तसें पथक जुळविलें होतें. विक्रीच्या हिशेबानें तें पुन्हा मोडलें.