गंगावनाची गोष्ट

राजामहाराजांच्या मुकुटांचा इतिहास मी वर्गात शिकवते. बायकांच्या अंबाड्याचा इतिहास मात्र कोणत्याच पुस्तकात नाही. ‘गंगावन’ हा आपला जुना शब्दच सांगतो, की विरळ केसांची चिंता आजची नव्हे. गंगावन खोवून आपल्या आज्या लग्नकार्यात मिरवत. केस का गेले, हे कुणी विचारीत नसे. ‘उष्णता झाली’ म्हणायचे आणि गप्प बसायचे.

पाळी जाण्याच्या या काळाला ‘मेनोपॉज’ हे नाव फ्रान्समधल्या गार्दान या डॉक्टरांनी १८२१ साली दिले. १९२९ साली डॉयझी आणि बुटेनांट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, इस्ट्रोजेन गटातले एक संप्रेरक वेगळे काढले. पाळी जाताना इस्ट्रोजेन घटते. केस वाढण्याची मुदत आखूड होते, केस बारीक नि कोरडा होतो. १९७७ साली लुडविग यांनी या विरळपणाच्या तीन पायऱ्या मांडल्या. कपाळावरची रेघ बहुधा टिकते, भांग रुंदावतो.

माझाही रुंदावला आहे. नरकचतुर्दशीला तेल जरूर चोळावे. केस मऊ होतात, गेलेले परत येतीलच असे नाही. थायरॉइड आणि रक्तातले लोह तपासून घ्यावे. आणि हे सारे लेकीसुनांना वेळेवर सांगावे. आपल्याला ते कुणी सांगितले नव्हते.