नर्मदेपलीकडचे घर

‘मराठ्यांनी माळवा जिंकला’ हे वाक्य मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. जिंकल्यावर तिथेच राहिलेल्या माणसांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मुलांनी कधी विचारला नाही आणि इतिहासात एम. ए. करूनही मला तो पडला नाही. देवासच्या एका वृद्ध स्नेह्यांनी अगत्याने बोलावले, म्हणून गेल्या हिवाळ्यात तिकडे जाणे झाले.

खलघाटच्या पुलावर बस आली तशी ‘नर्मदे हर’ म्हणत प्रवाशांनी नदीत नाणी टाकली. पुढे मांडूच्या कड्यावर, रूपमतीच्या महालापाशी उभे राहिले की विंध्य एकदम तुटतो आणि खाली निमाडचे मैदान पसरते. हवा स्वच्छ असली तर दूरवर नर्मदेची रुपेरी रेघ दिसते. याच धार जिल्ह्यातली चिखलदा, निसरपूर ही नदीकाठची गावे २०१९ साली सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली.

धार ही भोजराजाची नगरी. लाट मशिदीच्या आवारात जुन्या लोहस्तंभाचे तुकडे पडले आहेत. सारे जोडले तर उंची सुमारे १३ मीटर भरते. धारच्या पश्चिमेला अमझेरा आहे. तेथे २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांच्या फौजेने मोगल सुभेदार गिरधर बहादुराचा पराभव केला आणि माळव्याचे दार उघडले. त्या फौजेत उदाजी पवार होते. धार पुढे पवारांचीच झाली. धारच्याच किल्ल्यात, आनंदीबाई आश्रयाला असताना, १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. पेशवाईचा शेवट ज्याच्या हातून झाला, तो पुण्यात नव्हे, इथे जन्मला!

पण धारमध्ये मला सर्वांत जवळचे वाटले ते काशिनाथ कृष्ण लेले. धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे हे प्रमुख. १९०३ साली त्यांना एक कोरीव शिळा मिळाली. तिच्यावर मदन कवीच्या ‘पारिजातमंजरी’ नाटिकेचे पहिले दोन अंक कोरलेले होते. नाटिकेचा नायक परमार राजा अर्जुनवर्मा. सातशे वर्षांनंतर ती नाटिका पुन्हा माणसांत आली, कारण जुनी अक्षरे वाचता येणारी माणसे तेव्हा होती.

देवासची तऱ्हाच वेगळी. तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार बंधूंनी राज्य वाटून घेतले. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने नांदली. टेकडीवरही दोन देवी आहेत, त्यांना मोठी माता आणि छोटी माता म्हणतात. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते. या महाराजांची राणी म्हणजे राजर्षी शाहूंची कन्या अक्कासाहेब. आणि त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव १९४७ साली दत्तक जाऊन कोल्हापूरचे शहाजी महाराज झाले.

आम्हा बेळगावकरांचे नाते तर आणखी जवळचे. सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व, १९४८ साली क्षयाने आजारी असताना देवासला आले आणि १९९२ साली जाईपर्यंत देवासचेच राहिले. कानडी घरात जन्मलेल्या या माणसाने माळवी लोकगीते टिपली, हिंदीत कबीर गायला आणि मराठीत तुकोबा. भाषेच्या नावाने दारे लावून घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्या टेकडीच्या पायथ्याशी घटकाभर उभे राहावे.

संध्याकाळी स्नेह्यांनी पत्र्याची पेटी उघडली. त्यांचे पूर्वज थोरल्या पातीत कारकून होते. आत मोडी कागदांच्या गुंडाळ्या.

“सर, तुम्ही इतिहासवाले. वाचा की जरा.”

मी कागद दिव्याजवळ धरला. वरचा ‘श्री’ लागला. एका ओळीत ‘देवास’ असावे असे वाटले. बाकी काही नाही. नातू उत्सुकतेने पुढे सरकला होता. “इसमें क्या लिखा है, दादाजी?” आजोबांनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली.

“मलाही येत नाही,” ते म्हणाले. “वडिलांना येत होतं. माझ्यामागं हे सगळं रद्दीत जाणार.”

त्या मुलाला मराठी नीट येत नाही, याचे वाईट मला सकाळी वाटले होते. रात्री ती कीव माझी मलाच लागू पडली. त्याची एक भाषा सुटली होती, माझी एक लिपी. आणि मी तर शिक्षक!

परत आल्यावर मोडीची बाराखडी आणली आहे. रोज एक पान गिरवतो. घरची मंडळी हसतात. देवासच्या पेटीला मी येईपर्यंत हात लावू नका, असे पत्र टाकले आहे. वाचकहो, आपल्याही माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. दिवाळीच्या साफसफाईत ती बाहेर काढाल, तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा उघडून पाहा.