पूर्वीचा वस

देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वराची कथा या किनाऱ्यावर बहुतेकांना ठाऊक आहे. एका इराणी व्यापाऱ्याचं गलबत वादळात सापडलं. किनाऱ्यावर मिणमिणता दिवा दिसला, तेव्हा वाचलो तर इथे देऊळ बांधीन, असा त्याने नवस केला. देऊळ झालं, पण आता आपले लोक आपल्याला स्वीकारणार नाहीत, म्हणून त्याने शिखरावरून उडी घेतली. देवळाजवळची कबर त्याची मानतात. या दंतकथेचं मला महत्त्व वाटतं ते एका गोष्टीसाठी: त्यात व्यापाऱ्याला नाव नाही, तरी त्याला जागा आहे.

नाव नसलेल्यांना जागा देण्याची रीत दक्षिण कोकणात जुनी आहे. सिंधुदुर्गातल्या कित्येक गावांत सातेरी, रवळनाथ, पावणाई यांच्या बरोबरीने 'पूर्वस' असतो. पूर्वीचा वस, म्हणजे आधी येऊन रान तोडून गाव वसवणारे. त्यांचा वंश खुंटला, जमीन दुसऱ्यांकडे गेली, नावं विसरली. उरला एखादा पाषाण आणि त्याचा मान. गाऱ्हाण्यात त्यालाही हाक जाते आणि जमलेले 'होय महाराजा' म्हणतात.

ही निव्वळ कृतज्ञता आहे, असं मी म्हणणार नाही. मूळ धन्याला विचारलं नाही तर तो कोपेल, ही भीतीही त्यात आहे. पण त्या भीतीत एक कबुली आहे: इथे आपण पहिले नव्हतो. सातबाऱ्यावर ती कुठेच नोंदलेली नसते.

गाव उठतं तेव्हा या कबुलीचं काय होतं? गोव्यात साळावली धरणात मोगूबाईंचं कुर्डी गाव बुडालं. तिथलं कदंबकालीन महादेव मंदिर दगड दगड उतरवून सुमारे 17 किलोमीटरवर पुन्हा उभारलं. तरी उन्हाळ्यात पाणी ओसरलं की कुर्डीकर जुन्या जागी, सोमेश्वराला आणि चॅपेलला, जमतात. देऊळ हलवता येतं. पूर्वस हलवणं अवघड, कारण जागा हीच त्याची ओळख. पुनर्वसनाच्या जागेवरही आधीचं कुणीतरी असतंच; फक्त त्याला हाक मारायची कशी, हे नव्याने आलेल्यांना सांगणारं कुणी नसतं.

आज देवगडात कलमांची बाग घेताना वकील तीस वर्षांच्या नोंदी तपासतो. त्याआधीची सगळी वर्षं त्या पाषाणाच्या वाट्याला आहेत. गावच्या जीर्णोद्धारात नवी मूर्ती जरूर यावी; जुना दगड मात्र आहे तिथेच राहू द्यावा.