तीन बहिणींचे डोंगर

सात बहिणी आणि त्यांचा भाऊ घाट उतरून मयेला आले, ही कथा गोव्यातल्या डिचोली तालुक्यात घरोघरी सांगतात. महामाया मयेतच राहिली. केळबाय मुळगावाला गेली, लईराई शिरगावाला, मोरजाई थेट पेडण्यातल्या मोरजीला. भाऊ खेतोबा वायंगिणीत. मी मयेचा. तालुक्याच्या शाळेत वर्षानुवर्षे भूगोल शिकवला, त्यामुळे ही कथा मला गावे वसल्याची हकिकत वाटते. आमच्या तालुक्यातली या बहिणींची तिन्ही गावे डोंगरांच्या कुशीत, पाणी बाहेर येते तिथेच वसलेली आहेत.

हे डोंगर उंच नाहीत. सह्याद्रीची रांग सत्तरीत राहते, आमच्याकडे पोचतात त्या तिच्या पायऱ्या, माथ्यावर जांभ्याचा सडा घेतलेल्या. जांभा सच्छिद्र असतो. वर्षाचा सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस तो पोटात घेतो, खालच्या मातीच्या थरावर धरतो आणि पायथ्याच्या झरींतून उन्हाळ्यापर्यंत सोडत राहतो. पावसाळ्यानंतरचे वायंगणी भात आणि कुळागरातले माड-पोफळी याच पाण्यावर जगतात.

जांभा माणसांनी फार पूर्वीपासून कोरला. हरवळ्याच्या लेण्यांना आम्ही पांडवांच्या गुहा म्हणतो. ती सहाव्या-सातव्या शतकातली मानतात. लामगावच्या गुहाही याच दगडातल्या. पोर्तुगीजांनी डिचोली 1781 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये घेतले, तरी चिरेखाणीतून चिरे काढून घर बांधण्याची रीत तशीच राहिली. या साऱ्यांनी डोंगराची एखादी खोली, एखादी कड घेतली. माथा जागेवर होता, म्हणून झरीही होत्या.

लोखंडाने ते बदलले. पोर्तुगीज सरकारने 1906 च्या खाण कायद्याखाली कायमच्या सवलती वाटल्या होत्या. 1950 नंतर जपानला खनिज जाऊ लागले आणि डिचोलीचे डोंगर वरून उघडले गेले. एक टन खनिजासाठी अडीच-तीन टन माती आणि दगड बाजूला काढावा लागतो. त्याचे डंप झाले. सारमानसच्या धक्क्यावरून बार्ज मांडवीतून मुरगाव बंदराकडे निघत. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांची फी त्याच पैशातून आली, हे मी कधी नाकारणार नाही. पण खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की खड्ड्यातले पाणी दिवसरात्र उपसावे लागते, आणि शिरगावच्या विहिरी त्याच उपशाने आटल्या. पावसात डंपाचा लाल गाळ शेतात उतरे. नुकसानभरपाईचा हिशेब पिकाचा होई. झर आटली तर तिला कोणत्याच कागदावर रकाना नव्हता.

खाणी 2012 मध्ये थांबल्या, नंतर मर्यादा घालून सुरू झाल्या, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. मग 2022 चा डिसेंबर आला. पेडण्यात मोपाच्या सड्यावर विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच महिन्यात डिचोलीच्या पहिल्या खनिज पट्ट्याचा लिलाव झाला. सुमारे 478 हेक्टरच्या या पट्ट्यात मये, मुळगाव, शिरगाव, म्हणजे तिन्ही बहिणींच्या गावांची जमीन आहे. घरे, शेते आणि देवळे त्यातून वगळा, अशी मागणी मुळगाव-शिरगावच्या लोकांनी केली. ती रास्तच आहे. माझे म्हणणे तिच्या पुढचे आहे. घर वगळले आणि घरामागचा माथा खणला, तर विहिरीत काय उरणार? विमानतळ झालेल्या मोपाच्या सड्याखाली वारखंड, चांदेल, कासारवर्णे अशी गावे आहेत. त्यांच्यासाठीही हाच प्रश्न खरा आहे.

प्रत्येक पंचायतीने आपल्या झरींची नोंदवही करावी: झरीचे नाव, ती कोणत्या माथ्याखाली आहे, मे महिन्यात तिला किती पाणी असते, तिच्यावर कोणाचे वायंगण पिकते. कोणत्या झरीला कोणत्या सड्याचे पाणी येते, हे सांगणारे म्हातारे अजून गावात आहेत. माझ्या वाड्यापासून मी ही वही लिहायला घेतली आहे.